नानकटाई आणि परकर


दिवाळी आठवड्यावर आली.
लेकीचा परकर शिवायचाय, नानकटाई करायचीय, आणि नोकरी आहेच.

अनुभवी बायका रविवारीच सुती अस्तर भिजवतात.
ते धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवायचं.
वाळलं की बेतून कापून ठेवायचं.
मग रोज रात्री एकच शिवण. आज बाजू, उद्या नेफा, परवा खालची पट्टी.

नानकटाईला मात्र एक अख्खी संध्याकाळ हवी.
तूप आणि पिठीसाखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसायची.
सगळा खुसखुशीतपणा तिथेच!
घरी ओव्हन नसला, तर ओळखीच्या बेकरीत भाजून आणायची पद्धत जुनीच आहे.

पुन्हा एकदा: शिवण रोज थोडी, नानकटाई एका बैठकीत.

आणि हो, नानकटाईच्या डब्याचं झाकण ती पूर्ण गार झाल्यावरच लावावं.
नाहीतर वाफ धरून मऊ पडते.