परत केलेली बशी



चिटणीसबाईंनी मला परदेशातला एखादा टिकाऊ गोड पदार्थ सांगावयास फर्मावले आहे. पदार्थ सांगतेच, पण त्याआधी माझी एक फजिती ऐकावी लागेल.

2008 साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही स्पेनच्या दक्षिणेकडील कोर्दोबा शहरी बिऱ्हाड केले. शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्याच राहत. ऑक्टोबरात एके दिवशी त्या बशीत तांबूस, चकचकीत वड्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. नाव सांगितले, ‘कार्ने दे मेम्ब्रीयो’. मला त्यांची भाषा बेताचीच येई. पण ‘कार्ने’ म्हणजे मांस, एवढे मी बाजारात फसू नये म्हणून पहिल्याच आठवड्यात घोकले होते. मी हात जोडले, मान हलवली आणि बशी तशीच परत केली. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामीसुद्धा परत करीत नाहीत, आणि मी भरलेली परत केली! पुढे बाई जिन्यात भेटल्या तरी नुसती मान हलवून जात.

महिन्याभराने माझी मुलगी शाळेतून सांगत आली, “आई, फळाच्या गरालाही कार्नेच म्हणतात!” मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी नारळाच्या वड्या केल्या, बशी भरली आणि त्यांचे दार वाजवले. बाईंनी एक वडी तोंडात टाकली, माझ्याकडे पाहिले आणि मला हाताला धरून थेट स्वयंपाकघरात नेले. ओट्यावर मोसमातली शेवटची फळे होती.

मेम्ब्रीयो हे सफरचंद आणि नासपतीच्या कुळातले पिवळे, लवदार फळ. वास असा की एक फळ कपाटात ठेवले तर कपडे घमघमतात, तिकडे ठेवतातही. कच्चे मात्र खाववत नाही, घट्ट आणि तुरट. आपली ओळख फक्त त्याच्या बियांशी आहे. खोकल्यावर भिजवून देतात तो बिहीदाणा याच फळाचा. सप्टेंबरअखेर तिकडे थंडी सुरू होता होता पुन्हा चार दिवस ऊन तापते, त्यालाही लोक ‘मेम्ब्रीयोचा छोटा उन्हाळा’ म्हणतात. कोर्दोबा जिल्ह्यातलेच पुएन्ते खेनील हे गाव या वड्यांसाठी सबंध देशात नावाजलेले आहे. पण घरच्याची सर डब्याला नाही, असे बाईंचे ठाम मत होते.

फळे चोळून धुवावी म्हणजे लव निघते. अख्खीच पाण्यात घालून सुरी सहज आत जाईपर्यंत उकडावी. पाऊण तास ते तास लागतो. निवली की साल आपोआप सुटते. मधला कठीण भाग आणि बिया काढून गर पुरणयंत्रातून काढावा. हसू नका, तिकडेही अगदी तसलेच दांडा फिरवायचे यंत्र घरोघर असते. मग गर तोलावा आणि तितकीच साखर घ्यावी, शिवाय एका लिंबाचा रस. जाड बुडाचे स्टीलचे पातेले घेऊन मंद आचेवर ढवळत बसावे. मिश्रण फटफट उडते आणि कातडीला चिकटून भाजते, म्हणून उलथने लांब दांड्याचे हवे आणि हाताला फडके गुंडाळावे. गर आधी फिकट असतो, मग नारिंगी होतो, शेवटी विटकरी. हा रंग घातलेला नसतो. फळातला तुरटपणाच आचेने आणि आंबटपणाने तांबडा होतो. म्हणून घाई करणारीच्या वड्या फिक्या राहतात. उलथने तळावरून ओढले की वाट पडावी आणि लगेच बुजू नये, म्हणजे उतरवावे. पसरट भांड्यात ओतून एक-दोन दिवस वाळू द्यावे. कागदात गुंडाळून थंड जागी ठेवले तर महिनोन्‌महिने टिकते. मेंढीच्या दुधाच्या खारट चीजबरोबर पातळ काप खातात. खारट-गोड जोडी चांगली लागते.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. यजमानांना मधुमेह, म्हणून साखर निम्मी घातली. वड्या नीट धरल्याच नाहीत आणि आठवड्यात वर पांढरी बुरशी आली. चार किलो फळे आणि एक अख्खा दिवस वाया. बाईंनी पातेल्यात पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “साखर कमी करू नकोस, सुरी पातळ धर.” साखरेनेच तो गर धरतो आणि साखरेनेच टिकतो. यजमानांचा काप त्या दिवसापासून नखाएवढा झाला, कुरकुर पुष्कळ झाली.

2011 साली आम्ही परतलो. आपल्या बाजारात हे फळ मला कधी दिसले नाही. पण गोव्यात गेलेल्यांनी ‘पेराद’ खाल्ली असेल, ती याच घराण्यातली. पोर्तुगीज लोक आपल्या देशी याच फळाच्या ‘मार्मेलाद’ नावाच्या वड्या करतात. गोव्यात त्यांची ती रीत पेरूवर चालली. पेरूच्या बिया तेवढ्या कसोशीने गाळाव्या लागतात, बाकी सारे तसेच.

आज मी पेरूच्याच आणल्या आहेत. मागच्या टेबलावर बशा झाकून ठेवल्या आहेत. त्या रिकाम्या परत केल्यात तरी चालेल, भरलेल्या मात्र करू नका.