अंतर्गळाची जाळी : टाका की गोंद?



जांघेत फुगवटा आलेला जऊळका परिसरातील शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हाच : "पुन्हा कामाला कधी लागेन?" अंतर्गळ, म्हणजेच हर्निया, औषधाने वा पट्ट्याने बरा होत नाही. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागी जाळी बसविणे, हा त्यावरील रूढ उपाय होय. ही जाळी आम्ही शल्यचिकित्सक सहसा टाक्यांनी बसवितो. टाक्यात मज्जातंतू अडकल्यास वेदना दीर्घकाळ टिकू शकते. म्हणून फायब्रिन किंवा सायनोॲक्रिलेट या वैद्यकीय गोंदाचा वापर सुरू झाला. त्याने शस्त्रक्रियेचा वेळ वाचतो व सुरुवातीची वेदना कमी होते; अंतर्गळ उलटण्याचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहते.

गोंदाने खर्च वाढतो. दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या निर्जंतुक कापडाची स्वस्त जाळी वापरली व २००३ साली सहकाऱ्यांसह तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाला लाभ किती आणि भार किती, ही त्यांची कसोटी आम्ही गोंदालाही लावतो.

तेव्हा गोंदासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. फुगवटा कठीण होऊन आत जाईनासा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, ही आमची कळकळीची विनंती.