पृथ्वी तापतेय, हे ठरवतं कोण?



परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "माणसामुळे पृथ्वी तापतेय म्हणतात. पण हे ठरवतं कोण? आपण का म्हणून खरं मानायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्यावरच बोलू या.

या कामासाठी आयपीसीसी नावाचं एक जागतिक मंडळ आहे. ते १९८८ साली स्थापन झालं. भारतासह १९५ देश त्याचे सदस्य आहेत. हे मंडळ स्वतः तापमान मोजत नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांनी केलेले अभ्यास वाचायचे, ताडून पाहायचे आणि त्यातून काय निघतं ते सांगायचं, हे त्याचं काम.

२०२१ साली आलेला अहवालाचा भागच बघा. २३४ शास्त्रज्ञांनी तो लिहिला. त्यासाठी १४,००० हून जास्त शोधनिबंध पाहिले. मसुद्यावर ७८,००० हून जास्त शेरे आले. या लेखकांना मंडळ पगार देत नाही. शेवटी सगळ्या देशांचे प्रतिनिधी बसून सारांशाची ओळ न् ओळ मंजूर करतात.

शब्दसुद्धा तोलून वापरतात. 'दाट शक्यता' म्हटलं की शंभरात किमान नव्वद, असा हिशेब असतो. माणसामुळे पृथ्वी तापतेय याची दाट शक्यता आहे, असं २००७ साली म्हटलं होतं. २०१३ साली खात्री शंभरात पंच्याण्णववर गेली. २०२१ साली सांगितलं, आता यात शंकाच नाही.

मग चुका होत नाहीत का? होतात. २००७ च्या अहवालात लिहिलं होतं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. याला पक्का आधार नव्हता. मसुदा वाचणाऱ्या काहींनी शंकाही काढली होती, पण तिकडे नीट लक्ष दिलं गेलं नाही. जानेवारी २०१० मध्ये मंडळाने चूक जाहीरपणे कबूल केली. मग बाहेरच्या तज्ज्ञांकडून आपल्या कामाची तपासणी करून घेतली आणि नियम कडक केले. हिमनद्या वितळताहेत हे खरंच आहे, पण इतक्या लवकर त्या संपणार नाहीत.

आपल्या बचत गटातही असंच असतं ना? वहीत एखादा आकडा चुकतो. एखादी बाई म्हणते, "थांबा, हा हिशेब जुळत नाही." तिला गप्प बसवलं तर चूक तशीच राहते. तिचं ऐकलं तर वही दुरुस्त होते आणि गटावरचा विश्वास वाढतो.

तेव्हा पाऊसपाण्याबद्दल मोबाईलवर काही आलं, की चार प्रश्न विचारा. हे कोण सांगतंय? कशावरून सांगतंय? कोणी तपासलंय का? आणि चूक निघाली तर हे लोक कबूल करतात का?