गोसेवा गव्हाणीपासून



आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारसेच्या सायंकाळी, महाराष्ट्रात सवत्स धेनूचे पूजन होते. त्यामागील कृतज्ञता खरी आहे. मात्र दुसऱ्या दिवशी तिच्या गव्हाणीत काय पडते, हे फारसे कोणी विचारीत नाही. बहुधा वाळका कडबा, उसाचे वाढे आणि परवडेल तेव्हा थोडी पेंड.

एक लिटर दुधातून सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि एक ग्रॅमच्या आसपास स्फुरद गायीच्या शरीराबाहेर जाते. एका वेतात ३००० लिटर दूध देणारी गाय केवळ कॅल्शियमच साडेतीन किलो देऊन टाकते. चाऱ्यातून ते परत मिळाले नाही, तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. दुधातील त्याचे प्रमाण घटत नाही, गाय मात्र आतून झिजत जाते. कडब्यात स्फुरद, जस्त, तांबे तोकडे; वाढ्यातील ऑक्झलेट तर असलेले कॅल्शियमही बांधून ठेवते. प्रत्येक भागातील उणीव सारखी नसते, म्हणूनच राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने प्रदेशनिहाय तपासणी करून त्या त्या भागासाठी वेगळ्या खनिज मिश्रणांची शिफारस केली आहे.

गाय माती चाटते, हाडूक चघळते, चिंध्या आणि प्लास्टिक खाते. लोक तिला खोड लागली म्हणतात. पुष्कळदा ती स्फुरदाची किंवा मिठाची भूक असते!

शरीर अडचणीत आले की आधी स्वतःचा जीव सांभाळते, प्रजननाचा क्रमांक नंतर लागतो. कालवड उशिरा माजावर येते. व्यायलेल्या गायीचा माज मुका राहतो, गोपालकाला तो कळत नाही आणि २१ दिवस वाया जातात. भरवलेली गाय उलटते. वर्षाला एक वासरू अपेक्षित असताना दोन वेतांतील अंतर दोन वर्षांवर जाते आणि तरणी गाय भाकड ठरते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोवधबंदी आली, २०१५ मध्ये तिच्या कक्षेत बैल व वळूही आले. परंतु दोन एकरांच्या धन्याला भाकड गायीची वैरण कायदा पुरवीत नाही. त्याच्या दारातील गाय गाभण राहिली, तर तिला बाजार दाखवण्याची वेळच येत नाही.

उपाय खर्चिक नाही. मोठ्या गायीला रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्यावे. दूध अधिक असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वाढवावे. कालवडीला २० ते २५ ग्रॅम पुरते. मिश्रणात मीठ नसेल तर ते वेगळे घालावे. बांधावर शेवरी, हादगा असेल तर उत्तमच.

बाटलीतील कॅल्शियमचा मोह मात्र आवरावा. त्यात स्फुरद, जस्त, तांबे पुरेसे असतीलच असे नाही. शिवाय व्यायच्या आधीच्या दिवसांत कॅल्शियमचा मारा केला, तर हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय मोडते आणि व्याल्यावर दुग्धज्वराचा धोका वाढतो. गाय आडवी पडली, कान थंड लागले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

गर्भाशयाचा दाह किंवा उपासमार असेल, तर नुसत्या मिश्रणाने गाय गाभण राहणार नाही. आधी तपासणी आणि जंतनाशक, मग मिश्रण. आणि गुण दिसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. तोवर माजाची प्रत्येक तारीख गोठ्यातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पशुवैद्यक पहिल्यांदा तेच विचारतो.