विंच घेताय? काळ्या मातीचा हिशोब आधी करा

पावसाळ्यात यावल-रावेर नाहीतर शिरपूरकडून सातपुड्यात गाडी घालणाऱ्यांनो, आजचा भाग तुमच्यासाठी.

आपली काळी माती भिजली की चाकं रुततात आणि चिखल गाडीला खाली धरून ठेवतो. म्हणून भरलेल्या गाडीच्या वजनाच्या निदान दीडपट ताकदीचा विंच बघा. गाडी २.५ टनांची असेल तर ९,५०० पौंडांचा, म्हणजे साधारण ४,३०० किलोंचा, पुरतो. पण ही ताकद ड्रमवर सगळ्यात आतला थर उरतो तेव्हाच मिळते. दोर भरपूर सोडा. सिंथेटिक असेल तर दहा वेढे मात्र आत राहू द्या.

आता बांधायचं कशाला? केळीच्या बागेत उभे राहून झाड शोधू नका भाऊ, केळ उपटून येईल! जाडजूड निंब-बाभूळ बघा, बुंध्याशी रुंद पट्टा घाला. टो-बॉलला हूक अजिबात नको. तो तुटला की गोळीसारखा सुटतो.

आणि गाडी फसली की अर्धं गाव जमतं, हे आलंच. ताणलेला दोर तुटला तर झटक्यात मागे फिरतो, स्टीलचा तर जास्तच जोरात. दोराच्या मधोमध ओलं गोणपाट टाका. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात पोरंटोरं नकोत, आणि दोर ओलांडून तर कोणीच जायचं नाही. कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढायला पुढे आलं, की रिमोटवरचा अंगठा उचला. ते मागे सरकेपर्यंत विंच बंद.