पाकिस्तानी माणूस म्हणजे नेमका कोण?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मंडळाच्या पोरांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "पाकिस्तानातली माणसे" असे सांगितले. पोरे हसली. म्हणाली, काका, वर्धापनदिन विहाराचा आणि तुम्ही पाकिस्तान कुठून काढलात? तर ते कुठून काढले, तेच आधी सांगतो.

मागल्या वर्षी क्रिकेटची मॅच होती. आपण जिंकलो, फटाके वाजले, आम्हालाही आनंद झाला. पण त्या भरात वाडीतला एक मुलगा हायवेवरच्या चहावाल्या चाचांच्या टपरीसमोर जाऊन ओरडला, "चाचा, आता बिस्तरा गुंडाळा, जा तुमच्या पाकिस्तानात!" चार जण हसले. चाचा काही बोलले नाहीत, स्टोव्ह विझवून फळी लावली. आम्ही पाच पावलांवर उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. जन्मभर युनियनच्या गेट-मिटिंगा गाजवलेला माणूस, पण त्या वेळी जीभ टाळूला चिकटली. त्या रात्री झोप आली नाही. त्या मुलाला आणि आम्हाला स्वतःला काय सांगायला हवे होते, ते आज सांगतो आहोत.

आम्ही गिरणीत लागलो ते बदली कामगार म्हणून. शिक्षण सातवी. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळीवरून सुटल्यावर, खोलीत बाकीचे घोरत असताना. आमच्या शेजारच्या साच्यावर महाड तालुक्यातलाच एक कोकणी मुसलमान मित्र होता. आमच्या आज्याच्या काळात साचेखात्यात आपल्या माणसाला उभे करीत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, हे आपणास ठाऊक आहेच. तर आमच्या काळापर्यंत निदान शेजारी-शेजारी उभे राहता आले. या मित्राची फुफी फाळणीनंतर नवऱ्याबरोबर कराचीला गेली होती. तिची पत्रे यायची. पत्रात काय असायचे? पाऊस किती पडला, आंब्याला मोहर आला का, आणि इकडे सुका जवळा मिळत नाही. तिकडे जाऊन तीस-चाळीस वर्षे झाली तरी बाई घरात कोकणीच बोलायची. नातवंडे मात्र उर्दूत उत्तर द्यायची. आणि तिथले लोक तिला काय म्हणायचे? मुहाजिर, म्हणजे बाहेरून आलेली. मित्र डब्याच्या सुट्टीत म्हणायचा, "बघ रे, आम्हाला हितं पाकिस्तानी म्हणतात, आणि आमच्या फुफीला थितं हिंदुस्थानची म्हणतात." कराचीत आजही कोकणी मुसलमानांची स्वतंत्र वसाहत आहे, कोकणाच्या नावाची. थोडी मराठी हिंदू कुटुंबेही आहेत, ती तिथे गणपती बसवतात. आश्चर्य वाटायला नको, कारण १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतले नारायण जगन्नाथ हायस्कूल हे सिंधमधले जुने सरकारी हायस्कूल, ते नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने आजही ओळखले जाते.

आता मूळ प्रश्न. पाकिस्तानी माणूस कसा असतो? टीव्हीवर दिसतो तसा एकच एक असतो का? तिथली २०२३ ची जनगणना बघा. लोकसंख्या चोवीस कोटींच्या वर. त्यात शंभरातले सदतीस पंजाबी बोलणारे, अठरा पश्तू, चौदा सिंधी, बारा सराईकी. शिवाय बलुची, हिंदको, ब्राहुई. आणि जी त्या देशाची राष्ट्रभाषा, ती उर्दू मातृभाषा म्हणून सांगणारे शंभरात फक्त नऊ! म्हणजे देश एका भाषेचा ठरवला आणि घरात बोलायला दुसरीच.

यातून काय झाले ते इतिहासात आहे. १९४८ साली जीना ढाक्याला गेले आणि राष्ट्रभाषा उर्दूच राहील असे सांगून आले. तेव्हा पाकिस्तानात सर्वांत जास्त लोक बंगाली बोलणारे होते. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात भाषेसाठी पोरांनी गोळ्या खाल्ल्या. गोळ्या घालणारे मुसलमान आणि खाणारेही मुसलमान. शेवटी १९७१ ला बांगलादेश वेगळा झाला. आपल्या गिरणगावाला हे समजावून सांगायची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी आपल्या बापजाद्यांनी फ्लोरा फाउंटनला काय सोसले ते आपल्या घरात सांगितले जाते. धर्म एक असला म्हणजे माणसे एक होतात हे म्हणणे पाकिस्ताननेच खोटे पाडून दाखवले.

दुसरी गोष्ट जातीची. "मुसलमानात जात नाही" असे आपल्याकडे पुष्कळ जण म्हणतात. बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानवर ग्रंथ लिहिला, त्यात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार देऊन अश्रफ, अजलाफ आणि अर्झल असे तीन थर दाखवले आहेत. वरचे, खालचे, आणि ज्यांच्याबरोबर कोणी बसत नाही ते. पंजाबात बुल्ले शाह म्हणून मोठे सूफी होऊन गेले. ते सय्यद, आणि त्यांनी गुरू केले अराईं जातीच्या, म्हणजे भाजीमळा करणाऱ्या लोकांतल्या शाह इनायतांना. घरचे संतापले, पण बुल्ले शाहांनी गुरू सोडला नाही. आज त्या देशातही शहरे झाडणारा माणूस बहुतेक ख्रिस्ती किंवा अनुसूचित जातीचा हिंदू असतो. सफाईच्या नोकरीसाठी फक्त बिगरमुस्लिमांनी अर्ज करावा, अशा जाहिराती तिथे निघाल्या आहेत आणि त्यावर तिथल्याच लोकांनी आवाजही उठवला आहे. झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जन्मावरूनच ठरते.

आपल्यासारखी माणसे तिथे किती आहेत? २०२३ च्या जनगणनेत अनुसूचित जाती म्हणून साडेतेरा लाख नोंदले गेले. मेघवाड, भिल्ल, कोळी, बहुतेक सिंधमध्ये, थरच्या वाळवंटात. १८५७ च्या बंडात इंग्रजांशी लढलेल्या रूपलो कोळीला १८५८ ला फाशी दिले, त्याची आठवण नगरपारकरला काढतात. त्याच भागातल्या कृष्णाकुमारी कोहली २०१८ साली पाकिस्तानच्या सिनेटवर निवडून गेल्या. लहानपणी त्यांचे कुटुंब जमीनदाराकडे वेठबिगारीत अडकले होते. आमच्या मते ही गोष्ट आपल्या मुलींना शाळेत सांगावी अशी आहे.

आता कोणी उठून विचारील, काका, बाबासाहेबांनी तर १९४७ ला तिकडच्या आपल्या लोकांना इकडे निघून या असे सांगितले होते, ते विसरलात का? विसरलो नाही. जोगेंद्रनाथ मंडल हे बंगालचे नामशूद्र पुढारी. १९४६ ला बाबासाहेब घटना समितीवर बंगालमधून निवडून गेले, त्यात मंडलांचा मोठा वाटा. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, तिथल्या घटना समितीच्या पहिल्या बैठकीचे तात्पुरते अध्यक्षही तेच. आणि १९५० च्या ऑक्टोबरात राजीनामा देऊन कलकत्त्याला परत आले, कारण आपल्या लोकांवर अत्याचार होताना त्यांना बघवले नाही. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून कळवले, की घाण उपसायला माणसे पाहिजेत म्हणून पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना सोडत नाही. हे सगळे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण बाबासाहेब बोलले ते सरकारविषयी आणि छळ करणाऱ्यांविषयी. टपरीवरच्या चाचांविषयी नव्हे.

आणि आपण महाडकडची माणसे! २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी आपल्या लोकांना गल्लोगल्ली मारले, तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरात आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला महाडात कोणी जागा देईना. ती फत्तेखान यांनी दिली. त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. १९३४ ला दौलताबादच्या किल्ल्यात बाबासाहेब आणि सहकारी हौदावर हातपाय धुवायला गेले तेव्हा "धेडांनी पाणी बाटवले" म्हणून धावून आलेलेही मुसलमानच होते. दोन्ही गोष्टी ठेवा. एक उचलून दुसरी झाकू नका.

विहारात उभे आहोत तर विहाराची गोष्ट केल्याशिवाय कसे राहावे? तक्षशिला आज पाकिस्तानात आहे. मिलिंद राजाने नागसेन भंतेंना प्रश्न विचारले ते सागल नगर म्हणजे आजचे सियालकोट, असे अभ्यासक मानतात. असंग आणि वसुबंधू पेशावरचे. सातव्या शतकात ह्युएनत्संग सिंधमध्ये गेला, त्याने लिहून ठेवले आहे की तिथला राजा शूद्र आहे आणि बुद्धाला मानतो. स्वात खोऱ्यात जहानाबादला डोंगरावर कोरलेली बुद्धमूर्ती आहे. २००७ ला तालिबानने तिचा चेहरा सुरुंगाने उडवला. मग इटलीच्या पुरातत्त्व पथकाने तिथल्या लोकांच्या मदतीने तो पुन्हा दुरुस्त केला. मूर्ती फोडणारेही तिथले आणि परांचीवर चढून दगड सांधणारेही तिथलेच.

अशोकाचे एक सांगतो. मर्दानजवळ शहबाजगढीला त्याचे चौदाही शिलालेख आहेत, खरोष्ठी लिपीत, उजवीकडून डावीकडे वाचायचे. त्याच चौदांपैकी आठव्याचे आणि नवव्याचे तुकडे सापडले आपल्या सोपाऱ्याला, ब्राह्मी लिपीत. म्हणजे आपली निम्मी वाडी जिथे चाळीत राहते त्या नालासोपाऱ्यात! राजा एक, पण त्याने पेशावरकडच्या माणसाला त्याच्या लिपीत सांगितले आणि इकडच्या माणसाला त्याच्या. आपली लिपी सगळ्यांवर लादली नाही. जीनासाहेबांना हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांच्या नावावरून काही जण गंधार देशाशी नाते जोडतात. आम्हालाही मोह होतो. पण पुरावा नसताना नावावरून नाते जोडू नये. लेणी आपल्या जागी मोठीच आहेत.

आता शेवटचे. मॅचनंतर दोन दिवसांनी आम्ही सकाळी टपरीवर गेलो. चाचांना म्हटले, परवा आम्ही बोलायला पाहिजे होते, चुकलो. चाचा म्हणाले, "जाऊ दे रे, पोरगा हाय तो, त्याच्या बापाला मी खांद्यावर घेऊन घाट उतरलोय, ताप आला व्हता तेव्हा." हे आम्हाला ठाऊकच नव्हते. त्या मुलालाही नसावे. तो मुलगा आज सकाळपासून इथे मांडवात खुर्च्या लावतो आहे, नाव घेणार नाही.

येत्या रविवारी सगळ्या पोरांना घेऊन गांधारपाल्याला जायचे ठरले आहे. टेम्पो चाचांच्या मुलाचाच आहे. सकाळी सातला विहारासमोर जमायचे, डबा ज्याचा त्याने आणायचा. चहा वाटेत टपरीवर. जयभीम, नमो बुद्धाय.