ओल्या कचऱ्याचा पैसा कोणाच्या हाती?



२०१६ च्या जानेवारीत देवनारच्या कचराभूमीला आग लागली, मुंबईवर धूर पसरला, तेव्हा सगळ्यांना कचरा दिसला. तो वेचणाऱ्या बाया मात्र दिसल्या नाहीत.

ढिगाखाली हवा मिळत नाही, ओला कचरा तसाच कुजतो आणि मिथेन निघतो. वीस वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. म्हणून आता गरीब देशांना निधी देण्याची भाषा चालू आहे. चांगलंच आहे. पण निधी म्हटलं की आधी यंत्र आणि ठेकेदार! बायोगॅसच्या टाकीत प्लॅस्टिक गेलं की ती तुंबते. ओलं-सुकं वेगळं करतं कोण? घरात बाई, रस्त्यावरही बाई. दोन्हीकडे ते काम फुकटात धरलेलं.

स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘परिसर विकास’ने कचरावेचक बायांना खत आणि बायोगॅसचं काम शिकवलं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. म्हणजे कौशल्य आहे, संघटना आहे.

तेव्हा पालिकेत असा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न विचारा: यात वर्गीकरणाच्या मजुरीला किती ठेवलेत?